वाचक विचारतात : हेडचं लॅपिंग थांबवायचं कुठे?

गेल्या अंकात हार्ड डिस्कच्या हेडबद्दल, म्हणजे तबकडीवरची नोंद वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या इवल्या भागाबद्दल, लिहिताना मी एक वाक्य टाकून पुढे गेले होते : ‘शेवटी हेड हिऱ्याच्या भुकटीवर घासून मापाला आणतात.’ या घासण्यालाच लॅपिंग म्हणतात. त्या एका वाक्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली, आणि बरीचशी टूल-रूममधल्या मंडळींची. या कामात माझी एकोणीस वर्षं गेली, त्यातली पहिली चार रात्रपाळीत. त्यामुळे पहिल्या उत्तरात थोडा पाल्हाळ होणार आहे, तो चालवून घ्या.

प्रश्न : आम्ही गेज आणि सीलच्या चकत्या लॅप करतो. मधेच काम उचलतो, पुसतो, ऑप्टिकल फ्लॅट (अगदी सपाट काच) ठेवून प्रकाशाचे पट्टे मोजतो, परत प्लेटवर ठेवतो. हेडचा हिशेब मायक्रॉनच्या शंभराव्या भागात असतो असं तुम्ही लिहिलंत. मग तिथे काम उचलून मोजत का नाहीत? की मोजायचं यंत्रच वेगळं असतं?

उचलून मोजायचं म्हटलं तरी मोजणार काय, तिथूनच अडचण सुरू होते. तुम्ही पट्टे मोजता तो पृष्ठभागाचा सपाटपणा. आम्हाला हवं असतं अंतर, आणि ते अशा कडेपासून जी पोटात गाडलेली असते.

हेड तयार होतं वेफरवर, म्हणजे एका पातळ चकतीवर, चिपसारखं थरावर थर चढवत. एका वेफरवर हजारो. वाचणारा सेन्सर म्हणजे दोन चुंबकीय ढालींच्या मधे दाबलेली अतिशय पातळ फिल्म. पुढे वेफर कापून त्याच्या लांबट पट्ट्या करतात, आम्ही त्यांना ‘बार’ म्हणायचो. मग बार काटकोनात फिरवायचा. जी कापलेली कड, तीच पुढे तबकडीवरून तरंगत जाणारी बाजू. म्हणजे फिल्मची जाडी आणि रुंदी वेफरवर ठरते, पण ती कडेपासून आत किती खोल गेली आहे, तिची ‘उंची’, ती वेफरवर ठरत नाही. ती लॅपिंगवर ठरते.

वहीच्या दोन पानांमधे कागदाची एक चिंचोळी पट्टी ठेवा, वही मिटा आणि वहीची कड थोडीथोडी घासायला घ्या. पट्टी आत किती उरली ते बाहेरून कसं कळणार? सूक्ष्मदर्शकाखाली तुम्हाला पट्टीचं तोंड दिसेल. मागची कड नाही.

ही उंची चुकली तर काय होतं? जास्त उरली तर सेन्सरचा सिग्नल मंद. कमी उरली तर रोध, म्हणजे रेझिस्टन्स, वाढतो, सेन्सर तापतो, अस्थिर होतो. आणि फार कमी उरली तर सेन्सरच संपला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, डिस्कमधे मॅग्नेटोरेझिस्टिव्ह (चुंबकीय क्षेत्राने रोध बदलणारे) हेड आले तेव्हा, ही उंची एक-दोन मायक्रॉनच्या घरात होती. आज ती दोन आकडी नॅनोमीटरमधे असते (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग).

यावर काढलेला तोडगा मला अजूनही सुंदर वाटतो. वेफरवर हेड बनवतानाच हेडच्या शेजारी एक साक्षीदार बनवून ठेवायचा. धातूची एक साधी आयताकृती पट्टी, तिच्या दोन टोकांना तारा, आणि तिची मागची कड सेन्सरच्या मागच्या कडेच्या रेषेत. बार घासला जातो तशी सेन्सरबरोबर ही पट्टीही झिजते. पट्टी अरुंद होते, वीज जायला वाट कमी उरते, रोध चढतो. तारा मोजणीच्या पेटीला जोडल्या की बार प्लेटवर घासत असतानाच पट्टीची उंची कळत राहते. याचं नाव इलेक्ट्रॉनिक लॅपिंग गाइड. फ्लोअरवर सगळे ‘ईएलजी’ म्हणायचे.

गणित शाळेतलंच आहे. पट्टीचा रोध उंचीच्या व्यस्त प्रमाणात, आणि त्यात तारांचा स्वतःचा रोध मिळवायचा. सोपे आकडे घेते. समजा उंची मायक्रॉनमधे धरली तर स्थिरांक २० आहे. २ मायक्रॉनला पट्टीचा रोध १० ओम, १ ला २०, अर्ध्याला ४०, आणि ०.१ ला २००. बघा, २ वरून १ वर यायला एक अख्खा मायक्रॉन घासला तेव्हा काटा १० ओम हलला. अर्ध्यावरून ०.१ वर यायला त्याहून कमी घासलं आणि काटा १६० ओम हलला. मुक्काम जवळ येईल तसा साक्षीदार मोठ्याने बोलायला लागतो. मोजमापाची बहुतेक साधनं नेमकी उलट वागतात, शेवटच्या टप्प्यातच डोळे मिटतात.

पण साक्षीदार खोटंही बोलतो, आणि खरं काम तिथे सुरू होतं. माझ्याच पाळीतली गोष्ट सांगते.

रेसिपीमधे, म्हणजे यंत्राला दिलेल्या आकड्यांच्या यादीत, तारांचा रोध ६ ओम लिहिलेला होता. तो आधीच्या वेफरचा. नव्या वेफरवर तारांची फिल्म जाड केलेली, म्हणून खरा रोध ३ ओमच. बदल झाल्याचा कागद आमच्यापर्यंत पोचलाच नव्हता. लक्ष्य अर्धा मायक्रॉन. यंत्राचा हिशेब : पट्टीचे ४० आणि तारांचे ६, म्हणजे ४६ ओमला थांबायचं. यंत्र बरोबर ४६ ला थांबलं. पण त्यातले ४३ पट्टीचे होते, म्हणजे उंची ०.४६५ मायक्रॉन. पस्तीस नॅनोमीटर जास्त खाल्लेले. पडद्यावर मात्र प्रत्येक बारसमोर ०.५० आणि आलेख रेघ मारल्यासारखा. चौदा बार गेले. मी स्वतः त्या तक्त्यावर सही केली होती. दुसऱ्या दिवशी विद्युत चाचणीत हेड आले तेव्हा कळलं.

चूक उलट्या बाजूची असती, म्हणजे रेसिपीत ६ ऐवजी शून्य असतं, तर यंत्र ४० ला थांबलं असतं, उंची ०.५४ उरली असती, आणि आम्ही बार परत चढवून उरलेलं घासलं असतं. घासलेलं परत चिकटवता येत नाही. म्हणून त्या रात्रीनंतर आम्ही शंका असेल तिथे मुद्दाम मापाच्या थोडं आधीच थांबायची सवय लावून घेतली.

यावरचे इलाज जुने आहेत. एक म्हणजे तुटणारी गाइड : वेफरवर ठरावीक उंचीवर एक बारीक तार ठेवायची. घासणं तिथपर्यंत पोचलं की तार तुटते, विजेचं मंडल तुटतं. तिला मधलं काही सांगता येत नाही, पण ‘आत्ता इथे आहोत’ हे ती ठामपणे सांगते. अशा दोन-तीन तुटण्यांवरून रोधाच्या समीकरणातले दोन्ही अज्ञात, स्थिरांक आणि तारांचा रोध, काढता येतात. दुसरा इलाज, कडेपासून खूप आत, जिथे घासणं पोचणारच नाही अशा ठिकाणी, ठरलेल्या मापाची पट्टी ठेवायची. तिच्यावरून त्या वेफरच्या फिल्मचा रोध कळतो. प्रत्येक वेफरचा वेगळा येतो, त्यामुळे कालच्या आकड्यावर आजचा बार घासायचा नाही.

तारांच्या रोधाची चूक उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. उंची दहा पट लहान झाली की ही चूक शंभर पट लहान होते. वरच्या उदाहरणात अर्ध्या मायक्रॉनला पस्तीस नॅनोमीटरचा फटका बसला, ५० नॅनोमीटरला तोच घोळ अर्ध्या नॅनोमीटरच्याही आत राहिला असता. म्हणजे नव्या हेडना या चुकीचं फारसं भय नाही. त्यांचं भय दुसरं. साक्षीदाराची मागची कड आणि सेन्सरची मागची कड खरंच एका रेषेत आहेत का? दोन्ही वेगवेगळ्या मास्कने (थराचा आकार आखणाऱ्या साच्याने) आखल्या असतील तर पाच नॅनोमीटरचा फरक सहज पडतो, आणि तो उंचीबरोबर कमी होत नाही. पाचशेला पाच म्हणजे एक टक्का, पन्नासला पाच म्हणजे दहा टक्के. आमच्या पिढीला तारांनी फसवलं, नंतरच्यांना मागच्या कडेने. शक्यतो दोन्ही कडा एकाच मास्कमधे, एकाच वेळी आखायच्या हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग. जमत नसेल तर काही हेड कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही उंच्या पाहायच्या आणि तो फरक हिशेबात घालायचा.

प्रश्न : मग वेळ ठरवून का थांबवत नाहीत? दाब आणि वेग स्थिर ठेवला तर मिनिटाला किती निघतं हे ठरलेलंच असणार.

कागदावर ठरलेलं असतं. प्रेस्टनने १९२७ साली काच घोटण्यासाठी मांडलेला नियम हेच सांगतो : निघणारा माल हा दाब गुणिले वेग यांच्या प्रमाणात. पण त्या गुणाकारापुढे एक स्थिरांक बसलेला असतो, आणि तो मुळीच स्थिर नसतो.

आमची प्लेट कथिलाची किंवा कथिलाच्या मिश्रधातूची. कथिल मऊ, म्हणून हिऱ्याचे कण त्यात रुतून बसतात आणि अर्धे वर डोकावतात. प्लेट नवी ‘चार्ज’ केली की भराभर खाते. दहाव्या बारपर्यंत कण बोथट होतात, काही सुटतात, काही आणखी खोल जातात. तोच दाब, तोच वेग, पण निघतं निम्मं. घड्याळ लावून घासायचं तर पहिला बार जास्त घासला जाणार आणि दहावा अपुरा राहणार.

थांबण्यातही एक हिशेब आहे. मिनिटाला १०० नॅनोमीटर निघत असतील आणि मोजणीचा एक फेरा दोन सेकंदांचा असेल, तर ‘थांब’ कळेपर्यंत तीन नॅनोमीटर जास्त गेलेले असतात. म्हणून मुक्काम जवळ आला की दाब उतरवायचा, प्लेट हळू करायची. शेवटच्या टप्प्यात सुट्या हिऱ्याची स्लरी, म्हणजे कणांचा पातळ लगदा, तीही बंद, फक्त रुतलेले कण आणि वंगण. त्याला ‘किस लॅप’ म्हणतात. नवीन आलेल्या मुलांना या नावावर हसून घ्यायला आम्ही पाच मिनिटं द्यायचो.

प्रश्न : एका बारवर अनेक हेड असतात म्हणता. बार लांब आणि बारीक, तो वाकणारच. एका टोकाचं हेड मापात आलं तर मधलं कसं येणार?

येत नाही, आणवावं लागतं. बार काही सेंटिमीटर लांब, जाडी मिलिमीटरहूनही कमी, त्यावर काही डझन हेड. कापताना पडलेले ताण त्यात असतात, मेणासारख्या चिकट पदार्थाने फिक्स्चरवर डकवताना आणखी पडतात. पाया ॲल्युमिना आणि टायटॅनियम कार्बाइडच्या सिरॅमिकचा, दगडासारखा कडक. तरी मायक्रॉनच्या हिशेबात तो छडीसारखा वाकलेलाच असतो.

म्हणून ईएलजी एक नसते, बारच्या लांबीभर पसरलेल्या अनेक असतात. त्यांच्या उंच्या एकाशेजारी एक मांडल्या की बारचा आकार पडद्यावर दिसतो. डावं टोक जास्त उरलंय, हा कल. मधला भाग फुगलाय, हा बाक. कल दोन टोकांवरचा दाब कमीजास्त करून काढता येतो. बाकासाठी फिक्स्चरच लवचीक करतात आणि मागून त्याला ढकलतात किंवा ओढतात. जुन्या यंत्रात मधे एकच ढकलणारा होता. पुढे त्यांची रांग झाली आणि इंग्रजी एस किंवा डब्ल्यूसारखे वेडेवाकडे आकारही सरळ करता येऊ लागले.

माझं मत विचाराल तर ढकलणारे वाढवले की सगळं सुटतं हा भ्रम आहे. दोन शेजारच्या गाइडपैकी एक खोटी वाचत असेल, तिची तार अर्धवट सुटलेली असेल, तर यंत्र इमानेइतबारे तिथे बार दाबतं आणि तिथले चांगले हेड खाऊन टाकतं. मी आधी वाईट साक्षीदार शोधून त्याचं मत वगळायला शिकवायचे, मग आकार सरळ करायला.

प्रश्न : पॉलिशिंगच्या लाइनवर ट्रेनी आहे. रोध फक्त वाढतच जायला हवा ना? एकदा मधेच खाली आलेला पाहिला. सीनिअर म्हणाले, ‘दुर्लक्ष कर.’

दुर्लक्ष करू नका. सीनिअरना मात्र माझं नाव सांगू नका.

कारणं तीन असू शकतात. सगळ्यात निरुपद्रवी म्हणजे तापमान. धातू तापला की रोध वाढतो, तांब्याचा तर अंशामागे सुमारे ०.४ टक्के. दाब उतरवला की घर्षण कमी, पट्टी निवते, काटा जरा खाली येतो. उंचीचा त्याच्याशी संबंध नाही, पण म्हणूनच दाब बदलल्यावर लगेच घेतलेल्या वाचनावर निर्णय घेऊ नये.

दुसरं, द्रवातून वाहणारी चोरटी वीज. तुमच्या लाइनवर पाण्याचा अंश असलेलं वंगण असेल तर हे तपासा. शिवाय वेगवेगळे धातू एकाच ओल्या पृष्ठभागावर उघडे पडले की त्यांचा छोटा सेल तयार होतो आणि त्यातला एक गंजतो. म्हणून कित्येक ठिकाणी शेवटच्या टप्प्यात तेलकट वंगण वापरतात.

तिसरं कारण वाईट : माखणं. मऊ धातू हिऱ्याखाली कापला न जाता ओढला जातो आणि शेजारच्या थरावर लोण्यासारखा पसरतो. सेन्सर आणि ढाल यांच्यामधलं अंतर इतकं कमी की एक ओरखडा दोघांना जोडतो आणि वीज आडवाटेने निघून जाते. आजच्या टनेलिंग सेन्सरमधे तर प्रवाह थरांना छेदून जातो, मधला मॅग्नेशियम ऑक्साइडचा पडदा नॅनोमीटरभर जाडीचा. त्याच्या तोंडावर धातू माखला की वाचन थांबलंच म्हणायचं. म्हणून शेवटची घासणी शक्यतो थरांच्या समांतर दिशेने करतात, थर ओलांडून नाही. म्हणजे जे ओढलं जाईल ते आपल्याच थरात ओढलं जाईल.

प्रश्न : एक-दोन नॅनोमीटरने असा काय फरक पडतो? थोडं अतिशयोक्त वाटतं.

वॉलेसने १९५१ साली चुंबकीय ध्वनिमुद्रणासाठी काढलेलं सूत्र अजून लागू आहे. हेड आणि माध्यम यांत नोंदीच्या एका तरंगलांबीएवढं अंतर पडलं तर सिग्नल जवळजवळ ५५ डेसिबल उतरतो. तरंगलांबी ५० नॅनोमीटर धरा आणि अंतर फक्त ५ नॅनोमीटरने वाढवा, सिग्नल निम्म्यावर येतो. १९५६ च्या पहिल्या डिस्क यंत्रात, आयबीएमच्या रॅमॅकमधे, हेड सुमारे २० मायक्रॉनवर तरंगायचं. आज वाचताना-लिहिताना ते अंतर एक-दोन नॅनोमीटर असतं.

आता त्यात लॅपिंगचं पाप मिळवा. सिरॅमिक कडक, हेडभोवतीचा ॲल्युमिना त्याहून मऊ, धातू सगळ्यात मऊ. एकाच प्लेटवर तिघांना घासलं की मऊ जास्त झिजतो आणि हेडचं टोक खड्ड्यात बसतं. स्लायडर, म्हणजे हेड ज्याच्या टोकाला असतं तो तरंगणारा दाणा, कितीही खाली उडवा, तो खड्डा सिग्नलमधून वजा होतोच.

प्रश्न : हे सगळं सेन्सरचं झालं. लिहिणाऱ्या भागाचं काय?

चांगला प्रश्न, फार थोडे विचारतात. लिहिणारा ध्रुव त्याच स्लायडरवर, सेन्सरपासून काही मायक्रॉन पलीकडे असतो, आणि त्याचंही तोंडापासून आतलं अंतर नेमकं लागतं. दोन्ही एकाच घासणीत मापाला यायला हवेत. वेफरवर त्या दोघांच्या मागच्या कडा एकमेकींशी २० नॅनोमीटरने चुकल्या आणि दोघांत ५ मायक्रॉन अंतर असलं, तर बार चार मिलिरेडियन, म्हणजे साधारण पाव अंश, तिरका धरून घासला की दोघे जुळतात. म्हणून साक्षीदारही दोन लागतात, एक वाचणाऱ्याच्या थरात, एक लिहिणाऱ्याच्या. लेझरने तापवून लिहिणाऱ्या नव्या हेडमधे प्रकाश एका बिंदूवर आणणारा सोन्याचा इवलासा भाग याच कडेला असतो, तोही याच घासणीत उघडा होतो. सोनं किती मऊ हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : हार्ड डिस्कचे दिवस संपले. आता हे शिकून काय उपयोग?

लॅपटॉपमधून संपले. मोठ्या डेटा सेंटरमधला ढीगभर साठा अजून फिरत्या तबकड्यांवरच आहे.

प्रश्न : जुनी, बंद पडलेली डिस्क उघडून मुलीला हेड दाखवायचंय. लॅप केलेली बाजू दिसेल का?

दिसेल. त्यात काही महत्त्वाचं उरलेलं नाही याची खात्री करून घ्या, उघडलेली डिस्क परत भरवशाची राहत नाही. लॅपटॉपची छोटी डिस्क असेल तर तबकडी बहुधा काचेची असते, ती वाकवू नका, तुकडे उडतात. तबकड्या काढून घ्या, हेड धरणारा डिस्कमधला हात बाहेर ओढा. पोलादी पट्टीच्या टोकाला काळपट दाणा दिसेल, तो स्लायडर. नव्या डिस्कमधला जेमतेम ०.८५ मिलिमीटर लांब आणि ०.७ रुंद असतो, जुन्यातला मोठा. पट्टी उलटी करून तबकडीकडची बाजू वर आणा, भिंग धरा आणि खिडकीच्या उजेडात हळूहळू तिरकं करा. एका क्षणी तो दाणा आरशासारखा चमकेल, आणि त्यावर खोदलेली हवेची नक्षी दिसेल. मागच्या टोकाला, काळ्या सिरॅमिकला लागून एक फिकट, केसाएवढी रेघ असेल, ती ॲल्युमिनाची. हेड त्या रेघेच्या मधोमध कुठेतरी आहे, भिंगाने दिसणार नाही. साक्षीदारही शोधू नका. तो बहुधा दोन स्लायडरमधल्या कापायच्या जागेत बसवलेला असतो, बारचे तुकडे करताना करवतीने तो कधीच नेला.